नवी मोटार पॉलिसी विमा कंपनी केव्हा रद्द करू शकते, आणि तेव्हा आपण काय करायचं

आमच्या सोसायटीतल्या एका शिक्षकांनी वापरलेली कार घेतली. विम्यासाठी एजंटच्या हातात चेक दिला, दुसऱ्या दिवशी एजंटनं मोबाइलवर पॉलिसीची पीडीएफ पाठवली. सरांनी ती छापून गाडीच्या कप्प्यात ठेवली आणि विषय संपला असं धरलं. दीड महिन्यानं गाडी खांबाला घासली. क्लेमसाठी फोन केला तेव्हा कळलं की पॉलिसी महिन्याभरापूर्वीच रद्द झाली आहे. चेकवरची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळली नव्हती. कंपनीची नोटीस गेली होती, पण जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर. एसएमएसही गेला होता, पण पॉलिसीवर मोबाइल नंबर एजंटचा होता. एवढे दिवस ते रोज दोन्ही मुलांना शाळेत सोडायला विम्याशिवाय गाडी चालवत होते.

मी बरीच वर्षं बँकेत क्लिअरिंगच्या टेबलावर काम केलं आहे. असे परत फिरलेले चेक हातातून गेले, त्यांमागे काय काय कोसळू शकतं ते निवृत्तीनंतर लोकांची कागदपत्रं बघताना उमगलं. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून काढतो आहे.

आधी एक गैरसमज

इंटरनेटवर शोधलं की 'पहिल्या ६० दिवसांत कंपनी कोणत्याही कारणानं पॉलिसी रद्द करू शकते' असं वाचायला मिळतं. ते अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा राज्यांत नव्या कार पॉलिसीचे पहिले ६० दिवस कंपनीला अर्जाची छाननी करून नकार द्यायला मोकळीक असते. त्यानंतर मात्र हप्ता न भरणं, परवाना निलंबित होणं, फसवणूक अशा मोजक्याच कारणांवर पॉलिसी रद्द करता येते. तुमचा मुलगा किंवा मुलगी तिकडे असेल तर हे त्यांना जरूर सांगा. आपल्याकडे असा छाननीचा कालावधी नाही.

भारतात विमा नियामक आयआरडीएआयनं जून २०२४मध्ये साधारण विम्यासाठी, म्हणजे मोटार, घर अशा विम्यांसाठी, एक मास्टर परिपत्रक काढलं. त्यानुसार वैयक्तिक ग्राहकाची पॉलिसी कंपनीला फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीच्या कारणावरून रद्द करता येते, आणि तीही किमान ७ दिवसांची नोटीस देऊन. तुमच्या पॉलिसीच्या बारीक अक्षरांत कदाचित जुनं वाक्य अजून सापडेल, की कंपनी नोंदणीकृत टपालानं ७ दिवसांची नोटीस पाठवून पॉलिसी रद्द करू शकते, कारण काय ते न लिहिता. ते २००२च्या इंडियन मोटर टॅरिफमधून, म्हणजे मोटार विम्याच्या जुन्या नियमपुस्तकातून, आलेलं आहे. त्याचा आधार घेऊन कुणी 'आमची मर्जी' म्हणालं, तर २०२४चं परिपत्रक पुढे करा.

मग सरांची पॉलिसी कशी गेली? कारण पैसे पोचलेच नाहीत, तर कायद्याच्या नजरेत पॉलिसी धड उभीच राहत नाही. फसवणुकीचं कलम तिथे लागतच नाही.

हप्ता पोचला नाही तर

विमा कायदा, १९३८ मधलं कलम ६४ व्हीबी सांगतं की हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीनं जोखीम घ्यायची नाही. चेक दिला म्हणजे हप्ता दिला, हे चेक वटला तरच खरं. चेक परत आला की कंपन्या पॉलिसी बहुधा सुरुवातीपासूनच रद्द धरतात. कारण 'निधी अपुरा' हेच असायला हवं असं नाही. सही वेगळी, अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी, तारीख खोडलेली, या बारीक गोष्टींनीही चेक परत जातो.

इथे पुढचं समजण्यासाठी पॉलिसीचे दोन भाग मनात वेगळे ठेवावे लागतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, मृत्यू आला, कुणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १४६नुसार हा भाग सक्तीचा आहे. दुसरा 'ओन डॅमेज', तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी. चेक परत गेल्यावर या दोन भागांची गत वेगवेगळी होते, आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पाहिले की ती स्पष्ट दिसते.

१९९३च्या डिसेंबरमधलं एक प्रकरण जम्मू-काश्मीरचं आहे. गाडीमालकानं २१ तारखेला हप्त्याचा चेक दिला, ३१ तारखेला अपघात झाला आणि त्यात मालकच गेले. चेक न वटल्याचं बँकेनं जानेवारीत कळवलं. घरच्यांनी गाडीच्या नुकसानीची भरपाई मागितली. २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हप्ताच मिळाला नसेल तर कंपनीवर देणं लागत नाही. अपघात झाला तेव्हा चेक परत गेल्याचं कळलेलंही नव्हतं, तरीही.

थर्ड पार्टीचं मात्र वेगळं. १९९७च्या एका निकालात कंपनीनं चेक परत आल्याचं अपघाताआधीच मालकाला कळवलं होतं, तरी न्यायालयानं कंपनीला जबाबदार धरलं. पॉलिसी तुम्हीच दिलीत, तिच्यावर विसंबून गाडी रस्त्यावर आली, मग ज्याला धडक बसली त्याचं काय चुकलं, असा तो विचार होता. २०१२च्या दुसऱ्या निकालात अपघात ११ मे २००४चा होता आणि कंपनीनं पॉलिसी रद्द केली १३ मेला. रद्द केल्याची सूचना अपघाताआधी मालकाला पोचली नाही, तर थर्ड पार्टीची भरपाई कंपनीनंच द्यायची, असं तिथे ठरलं. उलट २००७-०८च्या सुमारास आलेल्या निकालात पॉलिसी नोव्हेंबर १९९७मध्ये रद्द होऊन मालकाला आणि आरटीओला कळवलेलं होतं, अपघात त्यानंतर काही महिन्यांनी झाला. तिथे कंपनी जबाबदार नाही असं न्यायालयानं म्हटलं. पीडितांची स्थिती पाहून आपल्या विशेष अधिकारात कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा दिली.

ते शेवटचे शब्द पुन्हा वाचा. वसूल कुणाकडून, तर मालकाकडून. मोटार अपघात न्यायाधिकरणात मृत्यूच्या भरपाईची रक्कम सहज लाखांत जाते. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनंतर हप्ता न मिळाल्याचं कारण हा कंपनीचा बचाव म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम १५०मध्येच लिहिला गेला आहे. तेव्हा जुन्या निकालांवर विसंबून 'थर्ड पार्टी तर मिळेलच' असं धरून बसू नका.

चुकीची माहिती: सगळ्यात जास्त गाठ पडते ती नो क्लेम बोनसशी

क्लेम न घेतलेल्या वर्षांमागे ओन डॅमेजच्या हप्त्यात २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. समजा हा हप्ता १२,००० रुपये आहे आणि सूट ३५ टक्के, म्हणजे ४,२०० रुपये वाचले. मोह इथेच होतो. पुष्कळदा तो ग्राहकाला होतच नाही, एजंट स्वस्त कोटेशन दाखवायला खूण करून टाकतो, आणि ग्राहकाला पत्ताही नसतो.

टॅरिफनुसार नव्या कंपनीनं पॉलिसी दिल्यापासून २१ दिवसांत जुन्या कंपनीला पत्र लिहून बोनसची खात्री करायची असते आणि जुन्या कंपनीनं ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. म्हणून नव्या पॉलिसीचे पहिले दोन महिने नाजूक. या काळात खोटं उघडं पडलं तर कंपनी फरकाची रक्कम मागते किंवा फसवणुकीचं कारण दाखवून नोटीस पाठवते. उघडं पडलं नाही तर क्लेमच्या वेळी पडतं, आणि ते जास्त वाईट. बोनससाठी जे घोषणापत्र तुम्ही देता त्यात लिहिलेलं असतं की ही माहिती चुकीची निघाली तर पॉलिसीच्या ओन डॅमेज भागाचे सगळे लाभ जातील.

बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. वापरलेली गाडी घेताना आधीच्या मालकाचा बोनस तुमच्याकडे येत नाही. जुन्या गाडीचा तुमचा स्वतःचा बोनस मात्र नव्या गाडीला लावता येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर तो संपतो.

बोनसखालोखाल अडचणीत आणणारी गोष्ट म्हणजे गाडीचा वापर. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी म्हणून विमा उतरवून भाड्यानं फिरवली तर पॉलिसीची अटच मोडते. मग बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. ते आरसीवर नोंदवायला लागतं, विम्यात जाहीर करायला लागतं, आणि टॅरिफप्रमाणे त्याचा जादा हप्ता किटच्या किमतीच्या ४ टक्के, शिवाय थर्ड पार्टीला ६० रुपये. एवढ्या थोड्या पैशांसाठी लोक ते लपवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. नोंदणी कुठली यावरही हप्ता ठरतो. मुंबई, पुणे ही शहरं 'झोन ए'मध्ये आहेत, त्यामुळे पुण्यात नोंदलेली कार 'झोन बी' दाखवलेली दिसली तर ती चूक स्वतःहून दुरुस्त करून घ्या.

दोनदा विमा, गाडी विकली, गाडी गेली

शोरूमवाल्यानं एक पॉलिसी उतरवली आणि घरच्या कुणी ऑनलाइन दुसरी घेतली, असं होतं. टॅरिफनुसार जी नंतर सुरू झाली ती रद्द व्हायची. ही चूक निस्तरताना कुठल्याही क्षणी दोन्ही एकदम बंद पडू देऊ नका.

१ सप्टेंबर २०१८पासून नव्या कारला ३ वर्षांचा आणि नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. हा भाग मध्येच काढून टाकता येत नाही. दुहेरी विमा, गाडी पूर्ण भंगारात जाणं अशी ठराविक कारणंच चालतात.

वापरलेली गाडी घेतलीत तर १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. कायद्यानं थर्ड पार्टीचा भाग आपोआप तुमच्याकडे येतो, ओन डॅमेज येत नाही. तो जुन्या मालकाच्या नावावरच राहिला तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्येच सांगून ठेवलं आहे.

आता क्रमानं: पैसे भरण्याच्या दिवशी

प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, कोऱ्या जागेवर सही करून कधीच देऊ नका. फॉर्म ऑनलाइन भरला गेला असेल तर भरलेली प्रत मागून घ्या आणि चार गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का, बोनस किती टक्के लिहिला आहे, गाडीचा वापर काय लिहिला आहे, आणि मोबाइल, ईमेल, पत्ता कुणाचा आहे. चौथी गोष्ट सगळ्यांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. पुष्कळ एजंट पुढच्या वर्षी ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून स्वतःचा नंबर टाकतात. रद्द होण्याची सूचना मग तुमच्यापर्यंत येतच नाही.

हप्ता थेट कंपनीच्या खात्यात, यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगनं भरा. चेकच द्यायचा असेल तर तो कंपनीच्या नावानं क्रॉस करून द्या, एजंटच्या नावानं नाही. एजंटनं हप्ता घेतला तर सुट्ट्या सोडून २४ तासांत तो कंपनीकडे पाठवणं कायद्यानं त्याच्यावर बंधनकारक आहे. ही ओळ माहीत असलेली बरी, विचारायला जोर येतो.

पहिल्या आठ-दहा दिवसांत

बँकेचं पासबुक किंवा अॅप उघडा आणि हप्त्याची रक्कम खरंच वजा झाली का ते बघा. वजा होऊन परत जमा झाली नाही ना, हेही बघा. पॉलिसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पहा. नवी गाडी असेल तर पॉलिसीवर नंबरच्या जागी 'नवीन' लिहिलेलं असतं. पासिंग झाल्यावर नोंदणी क्रमांक चढवून घ्या, एक ईमेल पुरतो.

मग कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या, पीडीएफवरून नको, कारण बनावट पॉलिसीवर क्रमांकही बनावट असू शकतो. पॉलिसी चालू आहे का एवढंच विचारा. एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत वैध ते दिसतं. पण पॉलिसी मध्येच रद्द झाली तर ती नोंद तिथे लगेच बदलेल असं समजू नका. कंपनीचं उत्तरच खरं.

बोनस चुकीचा लागला आहे हे लक्षात आलं तर नोटिशीची वाट पाहू नका. स्वतःहून ईमेल करा, फरक भरा, दुरुस्तीचा कागद घ्या. स्वतः पुढे येऊन चूक सुधारणाऱ्याला फसवणूक करणारा म्हणणं कंपनीला जड जातं.

नोटीस आली तर

पाकिटावरची तारीख आणि मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, पाकीट टाकू नका. ७ दिवस मोजायला तेच लागतं. नोटिशीत कारण नीट दिलं आहे का बघा. 'छाननीत विसंगती आढळली' एवढंच लिहिलं असेल तर ते सिद्ध झालेल्या फसवणुकीचं कारण झालं नाही. त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. मजकूर असा पुरेसा आहे:

'माझी पॉलिसी क्रमांक अमुक, आपली नोटीस तमुक तारखेची, मला मिळाली या तारखेला. आयआरडीएआयच्या जून २०२४च्या मास्टर परिपत्रकानुसार वैयक्तिक ग्राहकाची पॉलिसी केवळ सिद्ध झालेल्या फसवणुकीच्या आधारे रद्द करता येते. कोणती माहिती खोटी आहे आणि ते कोणत्या कागदपत्रावरून सिद्ध झालं, त्याची प्रत द्यावी. माझ्या प्रपोजल फॉर्मची प्रतही द्यावी. निर्णय होईपर्यंत पॉलिसी चालू ठेवावी.'

प्रपोजल फॉर्मची प्रत मागणं विसरू नका. एजंटनं तुमच्या नकळत खूण केली असेल तर ती तिथेच सापडते, आणि सही कुणाची आहे तेही.

नोटीस हप्ता न पोचल्याची असेल तर वाद घालण्यात दिवस घालवू नका. बँकेकडून चेक परत आल्याचा कागद घ्या, आणि त्याच दिवशी ऑनलाइन पैसे भरून नवी पॉलिसी घ्या. ओन डॅमेजसाठी कंपनी गाडीची तपासणी करेल, त्याला एक-दोन दिवस लागू शकतात. तोवर निदान थर्ड पार्टी तरी लगेच घ्या, ती तपासणीशिवाय मिळते. आणि ती हातात येईपर्यंत गाडी जागेवरून हलवू नका. विम्याशिवाय गाडी चालवली तर कलम १९६नुसार पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी दंड ४,०००. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही नवी पॉलिसी पाठवा.

पैसे परत

एक वर्षाची पॉलिसी तुम्ही स्वतः रद्द केलीत आणि क्लेम घेतला नसेल, तर २०२४च्या परिपत्रकानुसार उरलेल्या दिवसांचा हप्ता प्रमाणात परत मिळतो. कारण सांगायची गरज नाही. वर्षाचा हप्ता १४,६०० असेल आणि ७३ दिवस झाले असतील, तर दिवसाला ४० रुपये, उरलेले २९२ दिवस, म्हणजे ११,६८० रुपये. फसवणुकीच्या कारणावर रद्द झाली तर परतावा नाही, असं काही पॉलिसींच्या मजकुरात लिहिलेलं असतं. ते कलम आधीच वाचून ठेवा.

परतावा थेट तुमच्याकडेच यायला हवा. कलम ६४ व्हीबी स्पष्ट सांगतं की तो कोणत्याही परिस्थितीत एजंटच्या खात्यात जमा करायचा नाही. 'मी पुढच्या पॉलिसीत धरून देतो' असं एजंट म्हणाला तर नको म्हणा.

दाद मागायची झाली तर

पहिली तक्रार कंपनीकडेच, लेखी. तीच तक्रार आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवा, किंवा १५५२५५ या टोल फ्री क्रमांकावर. कंपनीनं महिन्याभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचं प्रकरण चालतं. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं. ग्राहक आयोगात जायचा रस्ताही मोकळा आहे आणि तिथे मुदत २ वर्षांची. पण एकाच वेळी दोन्ही दारं ठोठावता येत नाहीत, ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. रक्कम गाडीच्या दुरुस्तीपुरती असेल तर मी लोकांना आधी लोकपालांकडेच पाठवतो.

सरांचं असं झालं: बंपरचे पैसे खिशातून गेले, ते मिळण्यासारखे नव्हतेच. त्यांनी बँकेतली सही नव्यानं नोंदवली, नवी पॉलिसी ऑनलाइन घेतली, आणि या वेळी मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. ९० दिवस उलटले नव्हते, त्यामुळे आधीच्या गाडीचा त्यांचा २५ टक्के बोनस वाचला.